हाताला विचारायचं

चाचा, उद्या सकाळी अकरा वाजता तुमची मुलगी येणार आहे आणि मला तुमचा रंग आठवत नाही. सात वर्षं तुमच्या हाताखाली काढली. तुमची चाल आठवते, खोकला आठवतो, चहात बुडवलेल्या खारीचा तुकडा बशीत पडला की तुम्ही इकडेतिकडे बघून तो बोटानं उचलायचात, तेही आठवतं. पण तुम्ही गव्हाळ होता की सावळे, असं कुणी शपथेवर विचारलं तर मला सांगता येणार नाही. तुम्हाला मी निम्मा वेळ डार्करूमच्या लाल दिव्यात पाहिलं आणि त्या दिव्यात सगळी माणसं एकाच रंगाची असतात. हे ऐकून तुम्ही म्हणाला असतात, "वा! रिटचिंग करणारी बाई आणि रंग आठवत नाही. उद्या हलवाई विचारेल, साखर गोड असते का?" म्हणा. चार दिवस मला जेवण गोड लागत नाहीये, तेवढ्यानं तरी हसू येईल.

गेल्या आठवड्यात ती माझ्या बिबवेवाडीच्या घरी आली. पुढच्या खोलीत माझं संगणकावरचं काम चालतं, पासपोर्टचे फोटो, फाटक्या फोटोंची दुरुस्ती, असलं. तिचे गुडघे दुखतात आता, दाराची चौकट धरून आत आली. पिशवीतून पाकीट काढलं आणि म्हणाली, "ताई, अब्बांचा हा एकच फोटो आहे बघा. भिंतीवर नाही लावायचा, आमच्यात लावत नाहीत. अल्बमात ठेवायचाय. नातवंडं विचारतात, पणजोबा कसे दिसायचे. रंगीत करून द्याल?" अख्ख्या पुण्याचे फोटो तुम्ही काढलेत आणि तुमचा स्वतःचा एकच, तोही मी काढलेला. रोलमध्ये एक फोटो उरला होता म्हणून, सदाशिव पेठेतल्या स्टुडिओत, खिडकीशी तुम्ही रिटचिंगच्या टेबलावर वाकलेले असताना. उजेड तुमच्या पाठीमागून आलाय. चेहरा अंधारात बुडालाय आणि पेन्सिल धरलेला हात तेवढा लख्ख दिसतोय. "असा फोटो काढणाऱ्याला माझ्या स्टुडिओत जागा नाही," असं म्हणून तुम्ही तो खणात टाकून दिला होतात. तिनं तो सांभाळला. निघताना दाराशी थांबून म्हणाली, "आणि जरा उजळ करा. अब्बा एवढे काळे नव्हते हो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही करून देता, मला माहीत आहे."

त्या शेवटच्या वाक्यानं माझी झोप उडवलीय. ते ती सहज म्हणाली की मुद्दाम, हेच कळत नाही.

चार दिवस मी तुमच्या चेहऱ्यापुढे बसून आहे. सावली उचलली की चेहरा राखेसारखा होतो. कॉन्ट्रास्ट वाढवला की डोळ्यांखाली खड्डे पडतात आणि तुम्ही आजारी दिसता. रंग भरायला घेतला की कधी उन्हातून आल्यासारखे लालबुंद होता, तर कधी कावीळ झाल्यासारखे. एक बटण असंही आहे की दाबलं की सगळं आपोआप होतं. दाबून बघितलं. तुम्ही पंचविशीतले झालात, गोरेगुलाबी, सुरकुती नाही, नाकाशेजारचा व्रण नाही. घाबरून मी संगणकच बंद केला. तुम्ही शिकवलेलं सारखं कानात वाजतं, "सावली कमी कर, काढू नकोस. सावली गेली की नाकही जातं." निगेटिव्हवर पेन्सिलीचे बारीक फटकारे मारायला तुम्ही शिकवलंत. निगेटिव्हवर जिथं काळं करू तिथं कागदावर उजळ येतं, हे मला पहिला महिनाभर डोक्यात शिरत नव्हतं. इंटरमीजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळवून आले होते मी! तुम्ही म्हणालात, "ए ग्रेड घरी फ्रेम करून लाव. इथं मुरूम घालव."

स्थळांना पाठवायचे फोटो हे आपलं हुकमी काम. मुलगी आईबरोबर यायची, आई तुमच्या कानाशी लागायची, "जरा उजळ येऊ द्या." तुम्ही मान डोलवायचात आणि मुलीला सांगायचात, "हात पदराखाली घे बेटा." पहिल्यांदा मला वाटलं, ही बसण्याची शोभा. नंतर कळलं की चेहरा आपण चार पेन्सिली घासून उजळणार, पण हातांवर कोण बसणार घासत? आणि बघणारी सासू हातच बघते. म्हणून हात झाकायचे. पण त्याच हाताचा तुम्ही खरा उपयोगही दाखवलात. उजेड मोजायचा तर मीटर चेहऱ्यापुढे धरायचं नाही, आपल्या हाताच्या पाठीपुढे धरायचं. "चेहऱ्यावर पावडर असते, लाज असते. हाताला विचारायचं," असं म्हणायचात. एकदा खिडकीच्या उजेडात तुम्ही तुमचा हात माझ्या हाताशेजारी ठेवलात आणि म्हणालात, "बघ, आपला दोघांचा टोन एकच. माझा हात कामात असला तर तुझ्या हातावर उजेड मोजीन."

मग तुम्ही तुमच्या मुलीचा फोटो काढलात. स्थळासाठीच. पण तिचे हात मात्र मांडीवर उघडे ठेवलेत. मला सांगितलंत, "हनुवटीवरचा मुरूम तेवढा घालव. बाकी हात लावू नकोस." आणि मला वाटलं, बाप संकोचानं बोलत नाहीये. मनातून त्यालाही ती उजळ यायला हवीच असेल. मी दोन दिवस खपून तिला अशी उजळली की मीच खूश झाले. तुम्ही प्रिंट हातात घेतलीत, चष्मा वर केलात. "चेहरा कोथरूडला राहायला गेलाय," तुम्ही म्हणालात, "हात अजून गंज पेठेतच आहेत. मधे ही मान बिचारी कुठं जाणार?" मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "लोकांच्या मुली मी रोज बदलून देतो. ही माझी आहे. हिला मी ओळखत नाही." टर्पेंटाइनच्या बोळ्यानं तुम्ही निगेटिव्हवरची माझी सगळी पेन्सिल पुसून काढलीत आणि मला म्हणालात, "प्रिंटा फाडून टाक." दोन होत्या. मी एक फाडली.

दुसरी का ठेवली? कष्ट केले होते म्हणून, एवढंच. पण आठवड्यानं ईद आली. गंज पेठेत तुमच्या घरी शिरखुर्मा खायला आले, तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं. चुलीवर दूध उतू जायला आलं होतं, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. "ताई, तो फोटो... एक तरी आहे का? अब्बा म्हणतात, फार गोरा आला होता." तिच्या डोळ्यांत जे होतं, त्याला मला नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी मी प्रिंट मानेखाली कापली, हात उडवले आणि तिला नेऊन दिली. तिच्या मावशीमार्फत ती प्रिंट लोणी काळभोरच्या एका स्थळाकडे गेली. मंडळी बघायला आली. मुलाची आई फोटो घेऊन तिच्या तोंडापुढे धरून बसली आणि तुमच्या घरात, तुमच्यादेखत म्हणाली, "ह्यो फोटू दुसऱ्याच पोरीचा हाय की!" हे सगळं मला तुमच्याच तोंडून कळलं. तुम्ही तोंड न वर करता, पेन्सिलीला टोक काढत सांगत होतात. मग विचारलंत, "तू फाडल्या होत्यास ना?"

"हो चाचा," मी म्हणाले.

तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा तो विषय काढला नाहीत. पण त्यानंतर तुम्ही मुलींना हात झाकायला सांगायचं बंद केलंत, आणि स्थळांच्या फोटोची गिऱ्हाइकं एकेक करून समोरच्या स्टुडिओत गेली. तिचं लग्न पुढल्या वर्षी दुसरीकडे झालं, चांगलं झालं. तिनं माझं नाव तुम्हाला सांगितलं नसावं, असं मला आता वाटतं. की सांगितलं होतं आणि तुम्ही मला बोलला नाहीत? याची मला तेव्हा जेवढी भीती वाटायची तेवढीच आजही वाटते. पाया पडून सांगावं असं तुम्ही गेलात त्या दिवसापर्यंत रोज वाटत होतं. लाजच आडवी आली.

आज दुपारी मी चेहऱ्याचा नाद सोडला आणि तुमच्या हाताला विचारलं. फोटोत हातावर उजेड आहे, तो खरा आहे. माझा हात खिडकीत धरला, पडद्यावरच्या तुमच्या हाताशेजारी. माझ्या हातावर आता वयाचे डाग आलेत, शिरा वर आल्यात, तरी मधला रंग तोच असणार असं धरून चालले. तो रंग तुमच्या हाताला दिला, आणि हातावरून तो हळूहळू चेहऱ्यावर नेला. कॉन्ट्रास्ट जरासाच. व्रण तसाच ठेवला. आणि चाचा, तुम्ही दिसलात. सावळे. चांगलेच सावळे. मी रडले, मग लगेच धसका बसला. ती हे बघेल आणि म्हणेल, हे अब्बा नाहीत. त्या मंडळींसारखंच. ज्या मुलीला मी एकदा तिच्याच घरात परकी ठरवलं, तिच्या हातात मी तिचा बापही परका करून देणार का? तिच्या आठवणीत तुम्ही उजळ आहात. मुलगी होती ती तुमची, मी नोकर. रंग कुणाला जास्त ठाऊक असणार?

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या स्टुडिओच्या जागी आता स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. तेव्हा ते माझ्याकडेच राहील. पण एक सांगून ठेवते. मी दोन प्रिंटा काढल्यात. सावळी टेबलावर आहे, तीच तिच्यापुढे ठेवणार आहे. दुसरी, जरा उजळ, खणात आहे. ती फाडायची म्हणून दोनदा हातात घेतली. तुम्ही विचाराल, "फाडलीस ना?" तर या खेपेला खरं सांगते, चाचा. अजून नाही फाडली.