दोघांना चालतं

३ नोव्हेंबर २०२४
लावलं! मनगटावर एकच थेंब, आणि पहिली दहा मिनिटं खोलीत नुसता गोठा. राजकुमार नाकाला रुमाल लावून — "काऊन बे आल्हाद, संभाजीनगरून शेण आनलं का?" शेण नव्हे, ऊदाचं अत्तर! बाटलीवर युनिसेक्स लिहिलंय. "म्हंजे?" म्हटलं, बाई आणि पुरुष दोघांना चालतं. "मंग आपल्या दोघाइले चालते!" — आणि मान पुढे केली.

तासाभरात ऊद उतरला. त्याच्या मानेवर गुलाब. माझ्या मनगटावर ओल्या लाकडाचा धूर. बाटली एकच, कातडी वेगळी! मेहकरात तीन वर्षं एका खोलीत राहतो आम्ही. तो कॉलेजात शिकवतो, मी तिथेच कारकून. लोकांना एवढंच माहीत आहे. बाकीचं या वहीला.

११ नोव्हेंबर
खानावळीत रुक्मिणीबाई ताट ठेवता ठेवता म्हणाल्या, "दोघाइच्या अंगाले येकच वास येऊन राह्यला!" सगळे हसले. मीही. या बाईला गुलाब आणि धूर एकच, देवाची कृपा! पण ताट अर्धं टाकून उठलो.

२१ नोव्हेंबर
त्याचं लग्न ठरलं. पिंपळगाव राजा गावची प्रेरणा, बी.एस्सी. झालेली. "घरच्याइले नाही म्हनता येत नाही बे. तुले काय सांगू?"

नको सांगूस काही. मेल्या!

२२ नोव्हेंबर
माझी खाट खिडकीपाशी ओढून घेतली.

१६ फेब्रुवारी २०२५
लागलं लग्न. मांडवात गुलाबपाणी शिंपडत होते, तरी त्याचा गुलाब मला वेगळा कळत होता. परवा खोली सोडताना अर्धा ऊद माझ्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिला त्याने. उरलेला घेऊन गेला. आता ती लावणार. दोघांना चालतं ना!

जळतो मी. मला तो हवा आहे — स्पष्ट लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार? आणि ती पोरगी चांगली आहे. मला वाकून नमस्कार केला, भाऊजी म्हणाली. त्याचाच जास्त त्रास होतो.

८ मार्च, शनिवार
दुपारी आला! "पेपर तपासाचे हायेत म्हनून सांगितलं घरी." एकही पेपर तपासला नाही.

निघताना म्हटलं, अंगावर पाणी घेऊन जा. हसला. "काऊन? वास तं आपला येकच हाय!"

एकच नाही रे. पण हे फक्त वहीला.

१५ मार्च, शनिवार
परत आला. सकाळपासून ठरवलं होतं, दार उघडायचं नाही. उघडलं. दिवसभर मन खातंय. निर्लज्ज!

२२ मार्च, शनिवार
आला नाही. फोन बंद. बरं झालं — असं लिहिलं आणि खोडलं.

२४ मार्च
प्रेरणा ऑफिसात आली. एम.एस्सी.चा फॉर्म हवा होता. मी पुढे केला, तर फॉर्म हातात धरून तशीच थांबली. माझ्या हाताकडे बघत, वास घेत. मग पर्समधून त्यांची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"यांच्या अंगावर याचा गुलाब होतो, भाऊजी. दोन शनिवार धूर घेऊन आले. कुठचा ते आज समजलं."

आवाज अजिबात चढवला नाही. फॉर्मची नीट घडी घातली.

"दोघाइले चालते म्हणे हे. आपण तं तिघं आहो."