बिनपाण्याची निलगिरी

९ ऑक्टोबर २०२३
निलगिरीच्या दोन रोपांपैकी एक गेलं. पानं आधी पिवळी, मग काळी. बुंध्याशी बोट घातलं तर चिखल! मुरमाच्या जागेत, पाऊस संपल्यावर, चिखल आला कुठून? रोपं रुजली म्हणून मी तर पाणी तोडलं होतं.

चोर सकाळीच सापडला. आमचा बुढा, माझा नवरा, बादली घेऊन. रोपाभोवती मातीचा हातभर गोल धुरा बांधलेला, धानाच्या बांधीला असतो तसा, अन् आत पाणी भरून राहिला.
"अजी, हे काय करून राहिले?"
"अवं, तहानलं होतं ना ते."
मूळचा कोंढा गावचा धानवाला माणूस. मुळाशी पाणी उभं दिसल्याशिवाय ह्याला झाड जगतं असं वाटतच नाही. मी इतकी चिडले की चहा केला नाही. स्वतःलासुद्धा.

१० ऑक्टो.
धुरा फोडला. उरलेलं रोप मातीच्या गोळ्यासकट काढलं. मुरूम अन् रेतीचा उंचवटा करून वर बसवलं. गुडघे बोंबलले. बुढा मागे हात बांधून उभा. म्हटलं, बादलीला हात लावाल तर याद राखा.

वैनगंगा हाकेच्या अंतरावर, अन् आमच्या बोअरला एप्रिलात नुसती हवा. ह्या गुडघ्यांनी कोण पाणी वाहणार? म्हणून बागच अशी की जी पाणी मागत नाही. बोगनवेल, कण्हेर, कोरफड, निवडुंग. अन् मधोमध ही चांदीच्या पानांची निलगिरी. रस्त्याकडेची सरळसोट नाही, शोभेची. पानं गोल, रुपयाएवढी.
एस.टी.त कंडक्टर म्हणून भंडारा-तुमसर-सिहोरा अख्खी नोकरी काढली. लोकांना उतरवलं, चढवलं. एक झाड माझ्या मनाचं पाहिजे म्हणजे पाहिजे.

२ नोव्हेंबर
जगलं! शेंड्याला नवी पानं. चुरून वास घेतला. सर्दी गेल्यासारखं नाक मोकळं.

दुपारी भासरे आले, ह्यांचे मोठे भाऊ. घर शेजारीच, मागे त्यांचं शेत अन् विहीर. ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत, मी त्यांच्याशी नाही. लग्न झाल्यापासूनची रीत. जे काही ते बुढ्याच्या तोंडून. मी डोक्यावर पदर घेऊन दाराआड.
"इचार तिले, निलगिरी काहून लावली? माही विहीर आटून जाईन."
मी आतून, "सांगा त्यांना, झाड अजून माझ्या कमरेएवढं नाही."
दोघांनाही सगळं ऐकू येतं. तरी बुढ्याने इकडचं तिकडे पोचवलं. स्वतःचं एक अक्षर नाही.
बसमध्ये दारुड्यांना कॉलर धरून उतरवलं मी. अन् इथे पदर.

१९ जानेवारी २०२४
थंडी. पाणी शून्य. झाड मजेत. बुढा रोज जाऊन उभा राहतो, पानाला हात लावतो, परत येतो. हात शिवशिवतात बिचाऱ्याचे. मी खिडकीतून पाहून राहिली, हे त्याला माहीत आहे.

८ मे
बोअर बसला. गल्लीतले सगळे गुलाब वाळले. आपली निलगिरी उभी, वाऱ्याला चकाकते. खूप खूप बरं वाटलं. कोणाला दाखवू?

१५ मे
भासऱ्यांच्या विहिरीने तळ दाखवला. मोठ्या आवाजात आले.
"सांग तिले, म्या म्हटलं होतं! झाडानं पेलं पाणी. पुढल्या उन्हाळ्याच्या पहिले ते झाड नाही पाहिजे मले."
मी, "त्यांना विचारा, उन्हाळी धान कोणी लावलं? दिवसरात्र मोटर कोणाची चालते?"
बुढ्याने हे मात्र पोचवलं नाही. खाली मान घालून पायजम्याची नाडी चाचपत बसला. पोचवायची गरजही नव्हती म्हणा. भासरे चहा न घेता गेले.
माझा संताप संताप झाला. रात्री जेवताना म्हटलं, तुम्हाला तोंड आहे का? "दादा हाय तो माहा," म्हणाला.

१६ मे
डोकं थंड झाल्यावर लिहिते. निलगिरी पाणी ओढते हे काही खोटं नाही. मोठी झाली तर ओढेलच. मी नाही म्हणते ते फक्त भासरे म्हणतात म्हणून. हे बरोबर नाही.

२ डिसेंबर
झाड माझ्या डोक्यावर गेलं. वरची पानं लांबट होऊन राहिली. गोलपणा जातो आहे.
नागपूरच्या नर्सरीवाल्याला फोन. "ताई, दर साली थंडी संपता संपता गुडघ्याएवढं ठेवून वरचं कापा. खालून नवे फुटवे येतील, पानं गोल राहतील. झाड लहान तर तहानही लहान." म्हटलं, नाही फुटलं तर? "बहुतेक फुटते." बहुतेक!

११ फेब्रुवारी २०२५
आठवडाभर करवत काढते अन् ठेवते. कापलं तर भासऱ्यांना वाटणार, झुकली. त्यांच्या धाकाने कापली. नाही कापलं तर पानं गेली, अन् विहिरीचं भांडण कायमचं.
माझं झाड आहे. कापायचं तर मीच कापीन, माझ्या कारणाने. बाकी कोणाला काय वाटायचं ते वाटो.

१३ फेब्रु.
कापलं. बुढ्याने खोड धरलं, मी करवत चालवली. वरचा भाग पडला. रडले, थोडं. फांद्या घरभर बांधून ठेवल्या. घरात दवाखान्याचा वास.
भासरे भिंतीवरून पाहून गेले. खुश दिसले. दिसू दे.

९ मार्च
खुंट. काही नाही.

२४ मार्च
काही नाही. नर्सरीवाला म्हणतो धीर धरा. ऊन तापलं. बुढा म्हणाला, "अवं, थोडंसं पाणी..." मी नुसतं पाहिलं. "बरं बरं," म्हणाला.

१२ एप्रिल
सालीवर दोन लालसर टिपके. कोंब? का सालच फुगली? नखाने खरवडून पाहायचा मोह आवरला.

संध्याकाळी भासरे आले, कुदळ घेऊनच. मी आत तांदूळ निवडत होते. पदर घेतला.
"झाड त मेलं. इचार तिले, खुंट खोदून टाकू का? जागा मोकळी होईन."
मी तोंड उघडणार, पण बुढ्याने माझ्याकडे वळूनच पाहिलं नाही.
"नाही दादा. खुंट राहू दे."
"तिले इचार म्हटलं ना."
"तिले नाही इचारत. मी सांगून राहिलो. झाड आमचं हाय."
मग कुदळ उचलल्याचा आवाज आला. भासरे गेले. बुढा आत येऊन माठातलं पाणी प्याला. मी त्याच्या पुढ्यात चहा ठेवला.
आता झाड फुटलं पाहिजे. टिपके उद्या उजेडात नीट पाहते.