एक्केचाळीस फाइल्सना कुलूप

३ फेब्रुवारी, सकाळी १०
आजपासून शिस्त. प्रोजेक्टमधल्या ज्या फाइल्स नीट चालतात, त्या लॉक केल्या. आता माझ्या परवानगीशिवाय कोणालाही त्यांत काना-मात्रेचाही फरक करता येणार नाही. एकूण एक्केचाळीस निघाल्या. सगळ्या मीच लिहिलेल्या, हा योगायोग.
टीमला मेल टाकला: बदल हवा असल्यास कारणासह अर्ज करावा. मॅनेजरबाईंनी अंगठा पाठवला. जूनमध्ये टीम लीड ठरणार आहे. माझ्याशिवाय आहे कोण?

५ फेब्रुवारी
पहिला अर्ज, टेस्टिंगवालीचा. एका फाइलमध्ये तारीख चुकते, दोन ओळी बदलायच्यात म्हणे. नाकारला. चालत्या फाइलला हात लावायचा नाही म्हणजे नाही. आणि तारीख चुकते ती एकाच दिवसाने.

१२ फेब्रुवारी
शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्याचे तीन अर्ज. तिन्ही नाकारले. वर चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. त्याचे डोळे स्क्रीनवर होते, पण ऐकत होता.

१७ मार्च
महिनाभर एकही अर्ज नाही. शिस्त अंगवळणी पडली. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, कोणी मागत नाही म्हणजे कोणाला लागत नसेल. तिला सॉफ्टवेअरमधलं काय कळतं!

२१ एप्रिल
सकाळच्या मीटिंगमध्ये मी रोज ‘सगळं स्थिर’ एवढंच सांगतो. आज माझी पाळी आलीच नाही. वेळ वाचवला असेल. वाईट वगैरे वाटलं नाही. हल्ली काहीच वाटत नाही. बी-ट्वेल्व्ह तपासून घ्यायला हवं.

२ जून, दुपारी
टीम लीड दाढीवाला झाला.
मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये गेलो. चार महिने एकही फाइल बिघडू दिली नाही, याची आठवण करून दिली. त्यांनी बसायला सांगितलं, पाण्याचा ग्लास पुढे केला.
“अहो, तुमच्या फाइल्स मार्चपासून वापरातच नाहीत. तुमच्या शेजारच्यानं सगळं नव्यानं लिहिलं. तुम्हाला कोणी बोललं नाही?”
बोलले असतील, म्हटलं. पाणी प्यायलो. जागेवर येऊन बसलो.

३ जून
सकाळी एक्केचाळीसही फाइल्स अनलॉक केल्या. मेल टाकला: आता कोणीही, काहीही बदलावं. अर्ज नको.
दिवसभर स्क्रीनसमोर बसून होतो. जेवायलाही उठलो नाही. एकाही फाइलला कोणी हात लावला नाही.
सहा वाजता सगळ्या परत लॉक केल्या. उगाच कोणीतरी बिघडवायचं.