शेजारच्या फ्रीजमुळे बुडालेल्या शिक्षणमदतीबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
उच्चशिक्षण अर्थसाहाय्य कार्यालय,
बारांका वेर्दे, माग्दालेना नदीकाठ, कोलंबिया.

विषय : घराची पाहणी पुन्हा करून नामंजूर मदत मंजूर करणेबाबत.
संदर्भ : तपासनीस उरुएताबाई यांची आमच्या घरी झालेली भेट व भोजन.

महोदय,

नर्सिंगच्या पहिल्या वर्षासाठी माझी निवड झाली आहे. येत्या शुक्रवारपर्यंत शुल्क न भरल्यास माझी जागा दुसऱ्या मुलीला जाईल. आपण ‘कुटुंबाची स्थिती समाधानकारक’ असा शेरा मारून माझी मदत नाकारली आहे. ही बातमी आमच्या कुटुंबालाही नवीन असल्याने पुढील खुलासा सादर करीत आहे.

उरुएताबाई पाहणीला येणार हे आदल्या दिवशी कळले. घर आहे तसेच राहू दे, असे मी आईला परोपरीने बजावले. त्यावर ती म्हणाली, "सरकारची असली तरी पाहुणीच ना? तिला काय मोडक्या बाकावर बसवू?" आमच्या गल्लीत पाहुणा एकाकडे येतो आणि सामान दुसऱ्याचे निघते. त्यानुसार शेजारच्या अरिस्तिदेसकाकांचा फ्रीज, उभा पंखा आणि झाडून सगळ्या झुलत्या खुर्च्या आमच्याकडे आल्या. बाईंनी पंख्याखाली झुलत नारळाचा भात, तळलेला मासा व बर्फ घातलेले चिंचेचे सरबत घेतले. भात दोनदा घेतला, त्याबद्दल तक्रार नाही. नंतर त्यांनी फ्रीजची नोंद केली. तो उघडला असता, तर आत पाण्याची बाटली आणि काकांचे डोळ्यांचे औषध एवढेच सापडले असते.

तेथून बाई काकांकडेच गेल्या. काकांच्या मासेमारीच्या दोन होड्या आहेत व बाजारात बर्फाचे दुकान आहे. मुलाचा अर्ज त्यांनी नशीब आजमावायला म्हणून केला होता. परंतु त्या दिवशी घरात बसायला माशांची पालथी पेटी तेवढी उरली होती. बाईंचे डोळे भरून आले, असे समजते. मुलाला मदत मंजूर झाली. तेव्हापासून काका आमच्या दारावरून मान खाली घालून जातात. परवा स्वतःहून आत आले आणि आईला म्हणाले, "नीदिया, मी खोटं काही बोललो नाही गं. बाईंनी विचारलं फ्रीज आहे का, मी म्हटलं, घरात नाही."

सबब पाहणी पुन्हा व्हावी. मात्र एक अडचण आहे. या अर्जाचा सुगावा लागताच आईने एक कोंबडी बाजूला ठेवली आहे आणि समोरच्यांनी टीव्ही कबूल केला आहे. काल मला राहवले नाही. माझी जागा जाईल, असे म्हणून मी तिच्यासमोर रडले. तीही रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तू शिकावंस म्हणूनच जीव तुटतो माझा. पण त्या बाई बसणार कुठं?"

तरी शुक्रवारपूर्वी, न कळवता, आधीच जेवलेल्या कोणालातरी पाठवावे आणि त्यांनी येताना स्वतःची खुर्ची आणावी, ही कळकळीची विनंती.

आपली, अजूनपर्यंत नम्र,
यूरानिस मेर्कादो
सोमवार, २० जानेवारी

सोबत :
१. प्रवेशपत्राची प्रत.
२. फ्रीज स्वतःचाच असल्याचे अरिस्तिदेसकाकांचे लेखी निवेदन.
३. नारळाच्या वड्या. आईने ऐकले नाही. त्यांची नोंद शेऱ्यात घेऊ नये.