तार काढलेला आवाज

बेंगळूरू, एचएसआर लेआउट
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुनंदास, तुझ्या अक्काचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. हुबळीची थंडी उतरली का? फोन करून करून तू दमलीस, "अक्का लेआउटात राहायला गेली नि बहिणीला विसरली," असं म्हणालीस म्हणे. तुझ्या लेकानेच, विनोदकुमारने, सांगितलं. फोन का उचलत नाही ते लिहिते, पण आधी माझ्या नातीची गंमत ऐक.

आपली संहिता मोबाइलवरच्या खेळांना आवाज करून देते. कॉम्प्युटरवर नुसते चौकोन गं! ह्या चौकोनातून तार काढायची, त्या चौकोनाला जोडायची, की आवाज तयार. पॅच म्हणतात त्याला. मी विचारलं, पॅच म्हणजे काय? तर ठिगळ! मी म्हटलं, "मग हे आपल्या शिंप्याच्या घरातलंच काम की!" कितीतरी वेळ हसली.

परवा तिने पिठलं रटरटवलं. चूल नाही, बेसन नाही, आणि खोलीत पिठलं शिजतंय! मी म्हटलं, "आच स्वल्प कमी कर, खाली लागेल." तिने कसलंसं बटण फिरवलं, तर खरंच आच उतरली. काय बोटं आहेत पोरीची!

प्रत्येक आवाज पहिला मला ऐकवते. मी छान म्हणते. तसाच एक ऐकवला. मी म्हटलं, "अगदी पैंजणासारखा गोड!"

ती माझ्याकडे वळली. "अज्जी, तार मी काढून ठेवली होती. आवाज नव्हताच."

सुनंदा, आता तुझ्यापासून काय लपवू? बारीक आवाज मला येतच नाहीत. पैंजण गेले, चिमण्या गेल्या, फोनची टिणटिण गेली. माणसांचं बोलणं मी तोंडाकडे बघून जुळवते. घरात कळलं तर कानात यंत्र घालतील, म्हातारी म्हणतील. त्यापेक्षा तू मला विसरभोळी म्हटलेलं चाललं.

पोरीने कुणाला हाक मारली नाही. आवाज खाली खाली उतरवत विचारत गेली, "हा येतो? सरी, बरं, हा?" जाडे सगळे आले. मग म्हणाली, "लांबून ओळखशील असा एक आवाज सांग."

मी आपल्या अप्पांची शिवणाची पायमशीन सांगितली. खाली दुकान, माडीवर आपण, आणि फरशीतून पायात येणारी ती धडधड. संहिताने ठिगळाला ठिगळ जोडून ती उभी केली गं! कोपरा आला की अप्पा हळू व्हायचे, तेसुद्धा. तीच आता माझ्या फोनची रिंग.

काल तिने बाहेरून फोन लावून बघितला. मी स्वयंपाकघरात, मिक्सर चालू, तरी मशीन ऐकू आली. ऐकत उभी राहिले. मशीन थांबली, तशी मी ताट मांडलं.

संहिता आत आली. "अज्जी, उचलला का नाहीस? आणि हे ताट कुणाचं?"

तुला तरी कळेल. मशीन थांबली की अप्पा जेवायला वर येणार, हे आपल्या हाडात बसलेलं.

शुक्रवारी तिच्याबरोबर कान दाखवायला जाते, कबूल केलंय. तोवर तू फोन कर. अप्पा तुझ्या आवाजाला नगारा म्हणायचे नि तू रडायचीस, आठवतं? आता तोच नगारा माझ्या कामाचा.

फोन वाजून वाजून थांबला तर रागावू नकोस. मी अप्पांचं ताट मांडत असेन. परत लाव.

तुझीच,
बहिरी अक्का