सरांची सही

४ जानेवारी, सकाळी ६
चौथा संग्रह लिहून झाला. आता फक्त समीक्षक सरांची प्रस्तावना हवी. ती नसेल तर हात लावणार नाही, असं प्रकाशकाने तोंडावर सांगितलंय. किळस आली. म्हणजे कवितेपेक्षा सही मोठी!

११ जानेवारी
सरांकडे गेलो. वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, तुम्हीच लिहून आणा, मी खाली सही करतो. सगळे असंच करतात. शी! साहित्याचा नुसता उकिरडा झालाय. मी असलं काही करणार नाही.

१२ जानेवारी
करायचं ठरवलं. पण दोनच पानं. 'थोर' हा शब्द अजिबात नाही.

१९ जानेवारी
अकरा पानं झाली. 'थोर' चार वेळा आलाय, पण गरज होती म्हणून.

२३ जानेवारी
रजा टाकली. प्रस्तावनेत द्यायला माझ्याच ओळी शोधत दुपारपर्यंत बसलो. एकही बसेना. चांगल्या कवितेचे असे तुकडे पडत नाहीत. शिवाय उदाहरणं देणं म्हणजे शाळामास्तरी. एकही दिलं नाही.
हिला म्हटलं, वाचतेस का? तुमची कविता असेल तर मला कुकर लावायचाय, म्हणाली.

२५ जानेवारी
सर वाचून खूश. इतकं चांगलं मलाही जमलं नसतं, म्हणाले. मी वाद घातला नाही.

९ मार्च
सर फोन उचलत नाहीत. प्रकाशकही नाही. दोघं माझ्याच पुस्तकात गुंतलेले दिसतात.

२ एप्रिल
'उसासे'च्या संग्रहाचं प्रकाशन. (हा कवी दर ओळीत उसासा टाकतो, म्हणून त्याला हे नाव मीच ठेवलंय.) नाक मुरडत गेलो. जो तो सरांच्या प्रस्तावनेचं कौतुक करत होता. प्रत उघडली. अकरा पानं. माझी! चारही 'थोर' जागच्या जागी. फक्त माझं नाव काढून त्याचं घातलंय, आणि कुठे काही अडत नाही.
सरांना कोपऱ्यात गाठलं. म्हणाले, त्याला घाई होती. तुम्ही दुसरी लिहून आणा, तुमचा हात चांगला आहे. ओरडावंसं वाटलं. पण ओरडून सांगणार काय? स्वतःचीच आरती लिहिली होती म्हणून?

३ एप्रिल
हिने ती प्रत घेतली आणि प्रस्तावना अथपासून इतिपर्यंत वाचली. एकोणीस वर्षांत माझं एक पान पुरं केलेलं नाही. वाचून डोळे पुसले. म्हणाली, अहो, किती जीव असेल हो सरांचा त्या कवीवर! तुम्हीही कधीतरी असं काही लिहा ना.
लिहितो म्हटलं.