जुलैच्या पानावरच्या खुणा

आई,

सकाळच्या एसटीने दौंडला जाते आहे. भाकरी टोपलीत आहे, खाऊन घे.

काल संपतमामा दारात येऊन विचारत होते, "शनिवारपास्नं फ्रान्सची सायकल शर्यत हाय. यंदा आम्ही टीव्हीवर बघाया यावं का न्हाई?" मी म्हणाले, "आप्पाच नाहीत, आता कसली शर्यत?" ते नुसतं "व्हय पोरी" म्हणाले आणि सायकल वळवून गेले.

आज कॅलेंडरचं पान उलटलं. आप्पांनी जानेवारीतच शर्यतीच्या सगळ्या तारखांना खुणा करून ठेवल्यात. शर्यतीच्या विश्रांतीच्या दोन दिवसांवर "कटिंग" लिहिलंय, केस कापायला जायचं म्हणून. एरवी ते टीव्हीपुढून हलायचे कुठे.

माझं चुकलं. मामांना सांग, सगळ्यांनी या. चहाचं मोठं पातेलं माळ्यावरून काढून ठेवलंय. शनिवारी मी घरीच, स्वयंपाकघरात असेन. टीव्हीचा आवाज मोठा ठेवायला सांग.

उज्ज्वला